अण्णांचं कपाट

अण्णांचं कपाट आवरायचं काम माझ्याकडे आलं, कारण भावंडांत धनुर्वाताचं इंजेक्शन ताजं असलेला मी एकटाच निघालो. ताईने फोनवरून तसा निकाल दिला, आईने मान डोलावली. अण्णा असते तर म्हणाले असते, ‘‘इंजेक्शन कशाला? बघून हात घाल की!’’

पण बघून कळलं तर ना! अण्णांना नाद दोन, बागेचा आणि मासे पकडण्याचा, आणि दोन्हींचा संसार एकाच लोखंडी कपाटात. ‘टोमॅटो’ लिहिलेल्या पाकिटात गळ, गळांच्या डबीत सूर्यफुलाचं बी. गळाचं टोक उलट्या काट्याचं असतं, आत गेलं की मागे येत नाही. ही सोय माशासाठी केलेली असली, तरी माझ्या स्वेटरच्या बाहीला ती तितकीच लागू पडली.

गळ निदान नंबरवार लावावेत म्हटलं. दोन नंबरचा गळ मोठा, दहाचा लहान, सोळाचा त्याहून लहान. हे मी कसंबसं पचवलं. मग १/०, २/०, ५/० अशी पिलावळ निघाली, आणि तिथे आकडा चढेल तसा गळही मोठा! ज्या कुणी ही पद्धत बसवली, त्याच्या घरचं कपाट मला एकदा बघायचंय.

या दोन खात्यांमध्ये दुवा होता गांडुळांचा. एरवी त्यांची नेमणूक खताच्या पेटीत, रविवारी प्रतिनियुक्ती गळावर. गांडूळ कातडीनेच श्वास घेतं, कातडी सुकली की संपलं. म्हणून पेटीवर सतत ओला कागद लागायचा आणि तो नेमका आईने न वाचलेल्या पुरवणीचा असायचा. बागेतल्या पाल्याच्या ढिगाचं कौतुक तर विचारूच नका. असा ढीग चांगला कुजायला लागला की ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. तो मोजायला अण्णा घरातला ताप बघायचा थर्मामीटर घेऊन निघाले होते. त्याची धाव ४२ पर्यंतच. आईने तो हिसकावून घेतला म्हणून आमचे पुढचे सगळे ताप मोजता आले.

मासे पकडायला अण्णा कधी एकटे गेले नाहीत. पाळीपाळीने आमच्यापैकी एकाला न्यायचे. काठावर पाय आपटायचे नाहीत, हा नियम कडक. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाण्यातली थरथर टिपणारी रेघ असते, पाऊल वाजलं की त्याला कळतं. हवेतलं बोलणं मात्र पाण्यात फारसं उतरत नाही, त्यामुळे गप्पांना मुभा. घरात जे सांगायची छाती नव्हती ते सगळं आम्ही तिथे सांगितलं. अण्णांची नजर तरंगणाऱ्या बुचावर. ‘‘हं,’’ म्हणायचे. मी कॉलेज सोडतोय म्हणालो, तेव्हाही ‘‘हं’’, आणि वर, ‘‘दोरी जरा ढील दे.’’ हे मला उद्देशून होतं की स्वतःला, ते कळायच्या आत मासा सुटला.

सगळ्यात खालच्या खणात त्यांची वही सापडली. तारीख, हवा, आमिष, मासा, वजन असे रकाने पट्टीने आखलेले. वजनाचा रकाना बहुतेक कोरा. आणि माशाच्या रकान्यात अण्णांचं बारीक अक्षर: ‘नाही. धाकट्याचे बूट घट्ट होतायत.’ ‘नाही. ताई गणिताला घाबरते, ओरडायचं नाही.’ ‘लागला होता, सुटला. कॉलेजचं आईला मी सांगेन.’

आवरणं तिथेच थांबलं, हे सांगायला नको.

वाटणीत काठी धाकट्याला गेली, छाटणीची कात्री आईने आधीच उशाखाली नेऊन ठेवली होती. वहीवरून अजून तह झालेला नाही. माझ्या वाट्याला गांडुळं आली. आता आई रोज मला जेवायला वाढायच्या आधी विचारते, ‘‘त्यांचं झालं का?’’

त्यात ताईलाही तिच्या बागेसाठी अर्धी गांडुळं हवीत. मोजत कशाला बसतोस, सरळ प्रत्येकाचे दोन तुकडे कर, दोन्हीकडे नवी होतील, असं ती म्हणते. तसं होत नाही, जगलंच तर डोक्याकडचं जगतं, हे मी तिला फोनवर समजावतोय. तिचं म्हणणं, अण्णांनी तिला काठावर स्वतः सांगितलं होतं.