बोर्ड बसवला, सराव कधी करणार?

भारतातल्या शिक्षक मित्रमैत्रिणींशी फोनवर बोलताना हल्ली स्मार्ट बोर्डाचा, म्हणजे संगणकाला जोडलेल्या आणि बोटाने किंवा पेनने लिहिता येणाऱ्या फळ्याचा, विषय निघाल्याशिवाय राहत नाही. काहींच्या मते तो प्रत्येक वर्गात हवाच, नाहीतर मुलं मागे पडतील. खडू-फळ्यावर पिढ्या शिकल्या, मग एवढा खर्च कशाला, असं बाकीच्यांचं म्हणणं. केंद्र सरकारने १९८७ साली ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’ आणलं आणि २०१९ साली ‘ऑपरेशन डिजिटल बोर्ड’. दोन्ही वेळा नाव फळ्याचंच. त्या फळ्यासमोर उभं राहून काय करायचं, यावर मात्र आपल्याकडे फारसं कुणी भांडत नाही.

मी इंग्लंडमध्ये शिकवते. हा वाद इथे वीसेक वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे. २००३-०४ मध्ये सरकारी पैशातून लंडनच्या माध्यमिक शाळांत इंग्रजी, गणित आणि विज्ञानाच्या वर्गांसाठी असे बोर्ड आले. लंडनच्याच इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनने त्यांचा अभ्यास केला आणि २००७ मध्ये अहवाल आला. पहिल्या वर्षात तरी मुलांच्या गुणांत ठोस फरक दिसला नव्हता. मला त्यातली दुसरी एक नोंद जास्त महत्त्वाची वाटते. अभ्यासात कच्च्या मुलांच्या वर्गात एकेकाला बोर्डापाशी बोलावलं की बाकीचा वर्ग नुसता बसून राहायचा आणि धडा उलट रेंगाळायचा. बोटाने चित्र सरकवलं म्हणजे विचारही पुढे सरकला, असं होत नाही.

म्हणून बोर्ड वाईट, असं मी अजिबात म्हणणार नाही. त्याची खरी ताकद वेगळी आहे आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. समजा, अंतर-काळाचा आलेख शिकवायचा आहे. एक माणूस भिंतीपासून चालत दूर जातो, थोडा थांबतो आणि परत येतो. बोर्डावर फक्त दोन अक्ष काढायचे आणि आलेख कसा दिसेल ते सगळ्यांना आधी आपापल्या वहीत काढायला सांगायचं. मग तिघांना बोलावून बोर्डाच्या एकाच पानावर तीन रंगांत काढून घ्यायचं. बहुतेक वेळा एखादा तरी चालण्याचा रस्ताच काढतो, जाताना एक रेघ आणि येताना तीच उलटी. ती पुसायची नाही. पानाची प्रत करायची आणि नव्या पानावर सगळ्यांनी मिळून योग्य आलेख काढायचा: थांबला तिथे आडवी रेघ, परतताना उतरती. मग मागच्या पानावर जायचं आणि विचारायचं, ‘वेळ तर पुढेच जातो, मग ही रेघ मागे कशी वळली?’ वर्गात खरी चर्चा सुरू होते ती इथे. खडूच्या फळ्यावर तोवर पहिलं उत्तर पुसून गेलेलं असतं. मागे जाता येणं हीच या बोर्डाची कमाई. रंग, आवाज आणि उडती अक्षरं नसली तरी चालतं.

कार्यालयातल्या सादरीकरणालाही हेच लागू आहे. भरगच्च स्लाइड बोर्डावर टाकून बाजूला उभं राहायचं असेल तर साधा प्रोजेक्टर पुरतो. बोर्ड वापरायचा तर पान अर्धं मोकळं ठेवा. समोरच्यांचे आकडे आणि आक्षेप त्यांच्यादेखत तिथे लिहा. लिहिताना अंग बोर्डाच्या कडेला असू द्या. प्रोजेक्टर समोरून असेल तर सावलीही पडते, पॅनेलवर, म्हणजे टीव्हीसारख्या मोठ्या टच स्क्रीनवर, निदान तो त्रास नसतो. प्रोजेक्टरला धक्का लागला असेल तर पेन एकीकडे आणि रेघ दुसरीकडे उमटते, त्यामुळे लोक येण्याआधी कॅलिब्रेशन, म्हणजे पेन आणि रेघ यांची जुळणी, करून घ्या. शेवटी पानं पीडीएफमध्ये साठवा. गूगलने जॅमबोर्ड हा आपला ऑनलाइन फळा २०२४ च्या अखेरीस बंद केला, तेव्हा त्याच्यावर विसंबलेल्यांना आपलं काम दुसरीकडे हलवावं लागलं.

इथे सगळं छान आहे असंही नाही. महागडे बोर्ड नुसते पडदा म्हणून वापरलेले मी इथेही पाहिले आहेत. पण ज्या शाळांत ते मनापासून वापरले जातात, तिथे एक गोष्ट हमखास दिसते: एकाच विषयाचे शिक्षक एकत्र बसून पानं तयार करतात, एकमेकांच्या तासाला जाऊन बघतात आणि यासाठी वेळापत्रकात वेळ राखलेला असतो. कंपनीचा माणूस येऊन बटणं दाखवून गेला की प्रशिक्षण झालं, असं तिथे कुणी मानत नाही.

आपल्याकडच्या दोन्ही बाजूंना माझं कळकळीचं सांगणं आहे की हा वेळ मागा. बोर्डाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी खरेदीच्या प्रस्तावातच शिक्षकांच्या सरावाचे तास लिहून घ्यावेत. विरोध करणाऱ्यांनीही किंमत विचारतानाच हे तास कुठे आहेत ते विचारावं. आधीच जादा कामांनी वाकलेल्या शिक्षकाला ‘घरी बसून शिकून घ्या’ म्हणणं अन्यायाचं आहे, कारण घरी बोर्ड नसतो. रिकाम्या वर्गात, दार लावून, कुणी बघत नसताना त्याच्यावर हात बसवायची संधी शाळेनेच द्यायला हवी.