सगळे साहेब एका माळेचे मणी नव्हेत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

हिंदुस्थानी भाषेच्या जुन्या युरोपीय व्याकरणांवर मी लिहिलेल्या लेखाला तुम्ही ‘साहेबांची आरती’ म्हटलंत. ही पुस्तकं नोकरांवर हुकूम सोडायला लिहिलेली, चुकांनी भरलेली, ‘हिंदुस्थानी’ हे नावही पुढे तिचा कोश करणाऱ्या जॉन गिलख्रिस्टने चिकटवलेलं, खरं काम साहेबांना भाषा शिकवणाऱ्या देशी मुनशींचं आणि त्यांना मात्र मी विसरलो, असा एकूण सूर. वर मानववंशशास्त्रज्ञ बर्नार्ड कोहनचा भाषा आणि सत्ता यांवरचा निबंध वाचण्याचा सल्ला. तो निबंध वाचलाय आणि बराचसा पटतोही. पण १७७० नंतरच्या पुस्तकांना लागू पडणारा न्याय तुम्ही बिनदिक्कत १६९८ पर्यंत मागे ओढता, तिथे माझं तुमच्याशी पटत नाही.

आधी नावाचा निकाल लावू. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या योआन योशुआ केटेलार याने डच भाषेत लिहिलेल्या व्याकरणाच्या मथळ्यातच ‘हिंदुस्थानी आणि फारसी’ असे शब्द आहेत. त्याची लखनौत उतरवलेली १६९८ ची प्रत आज हेगला आहे. गिलख्रिस्ट जन्मला १७५९ साली. त्याहीआधी, जहांगीरच्या दरबारी गेलेल्या इंग्रज वकील टॉमस रोचा पाद्री एडवर्ड टेरी या भाषेचा उल्लेख करतो आणि सोबत एक किस्सा सांगतो. वकिलातीतली एक धोबीण दिवसभर तोंडाचा पट्टा चालवायची. टॉम कोर्याट नावाच्या भटक्या इंग्रजाने एका सकाळी तिच्याच भाषेत तिची अशी हजेरी घेतली, की आठ वाजेपर्यंत बाई गप्प. हा कोर्याट १६१७ मध्ये सुरतेत वारला. त्याने व्याकरण लिहिलं नाही, हे आपलं नुकसानच म्हणायचं.

आता हुकमाचं. केटेलारच्या काळी सुरतेच्या डच वखारीतला माणूस कुणाला हुकूम सोडणार होता? माल दलालांच्या हातात, जकात मुघल अंमलदारांच्या हातात. १७११ मध्ये हाच केटेलार नजराण्यांचा लवाजमा घेऊन लाहोरला बहादूरशहाच्या भेटीस गेला. १७१२ च्या फेब्रुवारीत बादशहाच वारला, शहजादे एकमेकांवर तुटून पडले, जहांदारशहाकडून मिळवलेली फर्मानं पुढच्याच वर्षी तख्त उलटल्यावर रद्दी झाली. आर्जवं करणाऱ्याची भाषा ती. तिला राज्यकर्त्याची भाषा म्हणणं म्हणजे पुढचा इतिहास आधीच घडला असं धरून चालणं.

चुकांबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय. केटेलारचं पुस्तक डेव्हिड मिलने १७४३ मध्ये लायडनला लॅटिनमध्ये छापलं. त्यातल्या ख्रिस्ती प्रार्थनेचं हिंदुस्थानी रूप साधारण असं वाचता येतं : ‘हमारे बाब के वो आसमान में हे, पाक होए तेरे नाम, आवे हमको मुलूक तेरा’. पुढे ‘रोटी’ आहे, ‘तकसीर’ आहे, ‘कर्जदार’ आहे. रोमन लिपीत लिहिताना जमीनमधला ‘ज’ आणि पातशाहीमधला ‘श’ या दोन्हींसाठी तो एस आणि जे ही एकच जोडी वापरतो. त्याच्या कानाला हे दोन ध्वनी वेगळे बसवता आले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. पण ‘आप’ हे सर्वनाम तो ‘आपण सगळे’ या अर्थी देतो, ते बघा. दिल्लीवाला कपाळाला हात लावेल. गुजराती किंवा मराठी माणसाला मात्र ते लगेच कळतं, कारण बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एकत्र धरणारा ‘आपण’ आपल्या रोजच्या बोलण्यातला. सुरतेच्या बाजारात त्याच्या कानावर काय पडत होतं, ते या ‘चुकी’नेच आपल्याला सांगितलं.

बेंजामिन शुल्त्सेचंही तेच. हा जर्मन मिशनरी मद्रासला राहिला, त्याचं लॅटिन व्याकरण १७४५ मध्ये हालेला छापलं गेलं. याला ‘ने’ चा (‘मैंने कहा’सारखा) प्रयोग माहीतच नाही, असा शेरा पुढे भारतीय भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सनने मारला. केटेलारवरही तोच ठपका. अहो, पण मद्रासेत जी दखनी, म्हणजे दक्षिणेतली हिंदुस्थानी, बोलली जायची तिला ‘मैंने’चं फारसं सोयरसुतक कधी होतं? औरंगाबाद-हैदराबादकडे ‘मैं बोल्या’ आजही कानावर पडतं. दिल्लीचा गज घेऊन दखनी मोजली की ती आखूडच भरणार. महाप्राण (ख, घ) आणि मूर्धन्य (ट, ड) वर्णांकडे शुल्त्सेने दुर्लक्ष केलं, हा दोष मात्र खराच. त्यावर पांघरूण घालणार नाही.

तुमची टीका जिथे चपखल बसते ती जागा यानंतरची. बंगाल फौजेतला कॅप्टन जॉर्ज हॅडली १७७२ मध्ये लंडनला व्याकरण छापतो, भाषेला ‘मूर्स’ म्हणतो आणि पुढच्या आवृत्त्यांच्या नावातच तिला भ्रष्ट बोली ठरवतो. शिपायांवर कंपनीची हुकमत चालायला लागली होती, आणि ज्यांच्याकडून भाषा शिकायची त्यांनाच नाक मुरडणं आता परवडत होतं. गंमत म्हणजे त्याच पुस्तकाच्या १८०९ च्या आवृत्तीवर, दुरुस्त्या करणारा म्हणून लखनौच्या मिर्झा मुहम्मद फितरतचं नाव छापलंय. म्हणजे मुनशी अगदीच निनावी राहिले असंही नाही.

गिलख्रिस्ट हा १७८२ मध्ये मुंबईत उतरलेला डॉक्टर. पुढे फैजाबादला दाढी वाढवून, देशी कपडे घालून शब्द गोळा करत बसला. तिथल्या जाणकारांकडे त्याने हिंदुस्थानीचा कोश मागितला, तेव्हा ते चकितच झाले : आपल्याच बोलीसाठी कोश उघडून बसणारी माणसं कुठल्या मुलखात असतात? शेवटी अमीर खुसरोच्या नावावर चालणारी ‘खालिकबारी’ ही पद्यातली शब्दावली त्याच्या हाती आली. मग एकेक अक्षरजोडी उच्चारून, यावरून काय काय शब्द सुचतात ते सांगा, असा धोशा त्याने त्यांच्यामागे लावला. तो कोश त्या बैठकीतल्या माणसांचा आहे, याबद्दल माझं तुमच्याशी भांडण नाही. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातले लेखक मीर अम्मन आणि लल्लूलाल यांची नावं निदान साहित्याच्या इतिहासात तरी टिकली, कोशासाठी जीभ झिजवणाऱ्यांची तेवढीही नाहीत.

राहिला शेवटचा सवाल, की मराठी वाचकाला हे कशाला. १७७८ मध्ये रोमच्या मिशनरी छापखान्यात दोन पोर्तुगीज व्याकरणं निघाली. एक मुघल राज्यातल्या हिंदुस्थानीचं, दुसरं मराठीचं. मराठीच्या मथळ्यात म्हटलंय, निजामशहा आणि आदिलशहा यांच्या राज्यांत चालणारी सर्वसामान्य बोली. निजामशाही बुडाली १६३६ मध्ये, आदिलशाही १६८६ मध्ये. छापलं तेव्हा पुण्यात पेशवाई होती आणि मथळ्यातली दोन्ही राज्यं केव्हाच इतिहासजमा झाली होती. म्हणजे तो मजकूर, निदान मथळा तरी, छपाईच्या बराच आधीचा असणार, आणि केटेलारच्या आगेमागे आपल्याकडेही कुणी पाद्री हाच उद्योग करत बसला होता.