शिळा माणसांनीच उभ्या केल्या: एका व्हायरल मजकुराला उत्तर

माळावर किंवा शेताच्या कडेला उभ्या असलेल्या प्राचीन शिळा बघायला जाणाऱ्यांसाठी एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत असतो. फोटो बहुतेक वेळा इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या शिळावर्तुळाचा, दोन दगडांमधून सूर्याची तिरीप आलेली. सांगणं थोडक्यात असं: इतके जड दगड माणसाच्या हातून हलणं अशक्य, ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्ट लोकांच्या पुजाऱ्यांनी दैवी शक्तीने ते उभारले, अशा सगळ्या जागा ऊर्जेच्या सरळ रेषांवर आहेत, पाच हजार वर्षांत एकही दगड जागचा हललेला नाही, म्हणून तिथे गेलात तर शिळेला पाठ टेकवा, पायथ्याशी दिवा लावा आणि जमलं तर एक कपची घरी आणा.

शेवटचा सल्ला नसता तर हसून सोडून दिलं असतं. पण तो आहे, आणि लोक तो पाळतातही. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

माणसाला हे जमणं अशक्य, हा मुद्दा आधी. स्टोनहेंजच्या मोठ्या शिळांचं वजन सरासरी 25 टनांच्या आसपास आहे. 2020 साली झालेल्या रासायनिक तपासणीत त्यातल्या बहुतेक शिळा सुमारे 25 किलोमीटरवरच्या वेस्ट वुड्स या जंगलातून आल्याचं दिसलं. आतल्या लहान निळसर शिळा दोन ते पाच टनांच्या. त्या वेल्समधल्या प्रेसेली डोंगरातून, दोनशे किलोमीटरहून लांबून आल्या. प्रश्न मोठा आहे हे खरंच. पण त्यावर प्रयोगही झाले आहेत. 1979 साली फ्रान्समध्ये बुगों इथे 32 टनांचा काँक्रीटचा ठोकळा ओंडक्यांवर ठेवून सुमारे दोनशे माणसांनी दोरांनी ओढला आणि तरफा लावून पुढे सरकवला. 2016 मध्ये लंडनला एक टनाचा दगड लाकडी घसरगाडीवर बांधून दहा जणांनी ओढला. तो अपेक्षेपेक्षा बराच सहज सरकला.

प्रयोगही बाजूला ठेवा. नागा टेकड्यांत आणि इंडोनेशियातल्या सुंबा बेटावर माणसांनी लाकडी घसरगाडीवरून प्रचंड शिळा ओढून आणल्याचे विसाव्या शतकातले फोटो आहेत. शेकडो माणसं, दोर, आरोळ्या आणि त्यानंतरची मेजवानी. ज्यांनी हे काम केलं त्यांच्याकडे दैवी शक्ती होती असं कोणी म्हणत नाही. मेघालयात नार्तियांगला सुमारे आठ मीटर उंच शिळा उभी आहे, तीही गावकऱ्यांनीच उभारलेल्या स्मारकांपैकी. पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला दोर, ओंडका आणि शेजारी यांचा उपयोग कळत नव्हता असं आपण कशावरून ठरवतो?

शिळा उभी कशी करत, तेही उत्खननात सापडलं आहे. खड्डा खणायचा, त्याची एक बाजू उतरती ठेवायची. समोरच्या उभ्या भिंतीला लाकडी मेखा लावायच्या, म्हणजे दगड घसरताना माती ढासळत नाही. उतारावरून बुंधा आत सोडायचा, दोरांनी वर ओढून सरळ करायचा आणि भोवतीची पोकळी दगडगोट्यांनी ठासून भरायची. स्टोनहेंजला ही भर काढून पाहिली तेव्हा त्यात दगडी हातोडे निघाले. ज्या हातोड्यांनी शिळा ठोकून घडवली, तेच शेवटी तिच्या पायात गेले. तिथल्या सगळ्यात उंच शिळेचे 6.7 मीटर जमिनीवर दिसतात आणि आणखी सुमारे अडीच मीटर जमिनीत आहेत. तिच्या माथ्यावर एक गोल उंचवटा आहे. आडवी शिळा याच उंचवट्यावर बसायची, तिच्या पोटात तशीच खाच कोरलेली होती. हा सुतारकामातला सांधा आहे. लाकडाचं काम येणाऱ्या माणसांनी तो दगडात केला. दैवी शक्ती हाताशी असती तर एवढा खटाटोप कोणी केला असता?

सगळं उलगडलंय असा दावा मात्र मी करणार नाही. स्टोनहेंजच्या मधोमध पडलेली सहा टनांची ‘वेदी शिळा’ थेट स्कॉटलंडच्या ईशान्येकडची आहे असं 2024 साली पुढे आलं. म्हणजे निदान सातशे किलोमीटर. ती समुद्रातून आणली की जमिनीवरून, यावर अभ्यासकांत वाद आहे. वाद आहे तो वाटेबद्दल. आणणारे कोण होते याबद्दल नाही.

ड्रुइडांचं काम दोन वाक्यांत होईल. स्टोनहेंजच्या मोठ्या शिळा इसवी सनापूर्वी 2500 च्या सुमारास उभ्या राहिल्या, तर ड्रुइडांचे लेखी उल्लेख रोमन सेनानी सीझरच्या आगेमागे, म्हणजे दोन हजार वर्षांनी सुरू होतात. वेरूळचं कैलास लेणं शिवाजी महाराजांनी कोरलं म्हणण्यासारखं हे आहे, आणि तिथे तरी अंतर नऊशे वर्षांचंच! हा संबंध जोडला सतराव्या शतकात जॉन ऑब्रीने आणि अठराव्यात विल्यम स्ट्यूकलीने. दोघेही कष्टाळू निरीक्षक, पण कालमापनाचं साधन त्यांच्याकडे नव्हतं. आपल्याकडे आहे.

ऊर्जेच्या रेषांची गोष्ट अधिक मजेशीर. 1921 साली इंग्लंडच्या हेरफर्डशायर भागात आल्फ्रेड वॉटकिन्स या गृहस्थांना नकाशावर जुन्या जागा एका ओळीत दिसल्या. त्यांच्या मते त्या जुन्या वाटा होत्या, म्हणजे प्रवाशांनी खुणा बघत सरळ जायचे रस्ते. ऊर्जा वगैरे त्यांनी म्हटलेलं नाही. ती भर 1960 च्या दशकातली. शिवाय त्यांच्या रेषांवर उभ्या शिळांबरोबर मध्ययुगीन चर्च आणि किल्लेही होते, म्हणजे हजारो वर्षांच्या अंतराने बांधलेल्या वस्तू एकाच माळेत ओवलेल्या. नकाशावर पुरेसे ठिपके असले की पट्टी कशीही ठेवा, चार ठिपके सापडतातच. ‘शिळेला हात लावला की ऊब जाणवते’ हे मात्र खरं आहे. दिवसभर तापलेला मोठा दगड संध्याकाळी सावकाश निवतो. त्याच शिळेच्या सावलीतल्या बाजूला हात लावून बघा म्हणजे कळेल.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. आकाशाशी या जागांचा काहीच संबंध नाही असं नाही. स्टोनहेंजचा अक्ष उन्हाळ्यातल्या सर्वात मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाकडे आणि उलट टोकाला हिवाळ्यातल्या सर्वात लहान दिवसाच्या सूर्यास्ताकडे रोखलेला आहे. पण तेवढ्यावरून प्रत्येक एकट्या शिळेची वेधशाळा करणं हा उतावळेपणा झाला. अनेक महापाषाण, म्हणजे अशा प्रचंड शिळांच्या रचना, तर दफनाशी निगडित आहेत. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं हे त्याचं उदाहरण. तिथे एकोणिसाव्या शतकापासून उत्खननं झाली आहेत.

‘पाच हजार वर्षांत एकही दगड हललेला नाही.’ या वाक्याला तर पुरावाच उलटा आहे. स्टोनहेंजमध्ये 1797 साली दोन उभ्या आणि एक आडवी अशा तीन शिळांची अख्खी कमान कोसळली. ती 1958 साली क्रेनने पुन्हा उभी केली. आज कित्येक शिळांचे पाय काँक्रीटमध्ये आहेत. इंग्लंडमधल्याच एव्हबरीच्या शिळावर्तुळात 1930 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कीलरने पडलेल्या आणि गाडलेल्या शिळा उभ्या करवल्या आणि जिथे शिळाच उरली नव्हती तिथे काँक्रीटचे छोटे खांब रोवले. ते खांब मुद्दाम नवे दिसतील असे ठेवलेत. ही प्रामाणिकपणाची रीत मला फार आवडते. स्कॉटलंडमधल्या कॅलनिशच्या शिळांभोवती साचलेला सुमारे दीड मीटरचा पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा थर, 1857 साली काढला. त्याआधीच्या लोकांनी त्या शिळा अर्ध्याच पाहिल्या होत्या.

गंमत म्हणजे क्रेनचे तेच फोटो दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही आवडतात: ‘बघा, स्टोनहेंज विसाव्या शतकात बांधलं!’ त्यांच्यासाठी 1906 साली बलूनमधून काढलेले फोटो आहेत. शिळा तेव्हाही तिथेच होत्या.

आता तो शेवटचा सल्ला. एव्हबरीच्या शिळा लोक कशा फोडत, हे स्ट्यूकलीने लिहून ठेवलंय. शिळेखाली खड्डा करून त्यात गवत पेटवायचं, तापलेल्या दगडावर गार पाण्याची रेघ ओढायची आणि घण घालायचा. उष्णतेने दगड तडकतो, ही त्यांची साधी विद्या होती. पायथ्याशी लावलेला दिवा एवढी आग करत नाही, पण एकाच जागी पुन्हा पुन्हा लावला तर पापुद्रे सुटतात, काजळी आणि मेण दगडात मुरतं आणि तिथलं दगडफूल मरतं. ते दगडफूल वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतं. काही शिळांवरचे ठिपके शेकडो वर्षांचे आहेत. पाठ टेकवली की तेच घासलं जातं.

कपचीचं काय होतं ते इंग्लंडमधल्या रोलराइटच्या शिळांकडे जाऊन बघा. तिथल्या ‘राजा’ नावाच्या शिळेच्या कपच्या नशीब उजळावं म्हणून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या काढून नेल्या. आज ती वेडीवाकडी दिसते त्याला तेही एक कारण आहे, आणि आता तिच्याभोवती लोखंडी कठडा आहे.

जायचंच असेल तर भर दुपारी जाऊ नका. 1953 साली स्टोनहेंजच्या एका शिळेवर खंजीर आणि कुऱ्हाडी कोरलेल्या आढळल्या. पुरातत्त्वज्ञ रिचर्ड अ‍ॅटकिन्सन तिथे दुसऱ्याच काहीतरी खुणांचा फोटो घेत होते. तिरपं ऊन पडलं आणि कोरीव रेषा उठून दिसल्या. शतकानुशतकं लोक त्याच शिळेसमोर उभे राहून परत गेले होते. 2012 च्या लेझर पाहणीत आणखी 71 कुऱ्हाडी मिळाल्या.

शेतातून वाट जात असेल तर फाटक जसं होतं तसंच लावा आणि गुरांच्या मधून जाऊ नका. फ्रान्समध्ये कार्नाकला जवळपास तीन हजार शिळांच्या रांगा आहेत. तिथे पायांनीच गवत आणि माती इतकी झिजली की 1991 साली कुंपण घालावं लागलं. उन्हाळ्यात आत जायचं तर मार्गदर्शकाबरोबर जावं लागतं. थंडीत, गवत पुन्हा धरलेलं असतं तेव्हा, मोकळं फिरता येतं.