रॅकच्या जाडीपेक्षा वजनाची जागा बघा

लडाख-स्पितीचा हंगाम जवळ आला की बुलेट आणि मीटिअर या रॉयल एनफिल्डच्या मोटारसायकली चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला फिरू लागतो: ‘सामानासाठी जाड पाइपचा रॅक घ्या, त्याला बॅकरेस्ट (पाठ टेकायची गादी) जोडा, सगळं सामान मागे एकत्र बांधा. जाड रॅक कितीही वजन झेलतो, बॅकरेस्टमुळे पिलियन (मागे बसणारा) सुरक्षित राहतो आणि साइड बॅगांची कटकट उरत नाही.’ हे खरं मानून लोक बायकोला, मित्राला मागे बसवून लांब जातात. म्हणून याला उत्तर द्यायलाच हवं.

‘जाड रॅक कितीही वजन झेलतो.’ रॅक झेलेलही, पण गाडीचं काय? मीटिअर ३५०चा व्हीलबेस, म्हणजे दोन्ही चाकांच्या मध्यांमधलं अंतर, १,४०० मिमी आहे. मागच्या अ‍ॅक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) ३५० मिमी मागे २० किलोंची बॅग बांधली, तर मागच्या चाकावर २५ किलो येतात आणि पुढचं चाक ५ किलोंनी हलकं होतं. पिलियनचा भारही बहुतेक मागच्याच चाकावर असतो. मग हँडल सैल वाटतं, ताम्हिणीसारख्या घाटात गाडी वळणाबाहेर जाऊ बघते, वेग वाढला की मागून डुलते. जाड पाइप यातलं काहीच थांबवत नाही. उलट स्वतःचंही वजन त्याच चुकीच्या जागी घालतो. शिवाय रॅक तुटतो तो बहुधा वेल्डिंगपाशी किंवा बोल्टपाशी, सततच्या हादऱ्यांनी. त्यामुळे तो चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) किती ठिकाणी धरलाय ते बघा आणि बनवणाऱ्याने दिलेली वजनाची मर्यादा वाचा. बऱ्याच रॅकना ती ५ ते १० किलोंचीच असते, आणि त्यात रिकाम्या बॉक्सचं वजनही धरायचं. मला विचाराल तर लांबच्या प्रवासाला साधा लोखंडी रॅक बरा. तुटला तर वाटेतला कुठलाही वेल्डर जोडून देतो.

‘बॅकरेस्टमुळे पिलियन सुरक्षित.’ जोरात ब्रेक लागला की मागचा माणूस पुढे येतो. तिथे पाठीमागच्या गादीचा काय उपयोग? बॅकरेस्ट चढावर आणि दिवसभराच्या थकव्यात आधार देते, आणि तेवढ्यासाठी ती जरूर घ्यावी. पिलियनला जॅकेट घालून बसवून बघा. गादी कमरेला टेकली पाहिजे. रॅक आणि बॅकरेस्ट एकत्र असलेल्या काही जोड-रॅकमध्ये बॅकरेस्टला जागा करायला सामानाची पट्टी आणखी मागे सरकवलेली असते, ते टाळा. आणि बॅकरेस्ट बसवताना पिलियनने धरायची मूठ काढू देऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे ती कायमची असावी लागते.

‘साइड बॅगांची गरज नाही.’ जड सामानाची खरी जागा तीच, खाली आणि अ‍ॅक्सलच्या पुढे. काळजी सायलेन्सरची घ्या, बॅग त्याला टेकता कामा नये. आणि साडी गार्डची. सॅडल स्टे (साइड बॅगांना आधार देणारी लोखंडी चौकट) बसवताना काही फिटर गार्ड उतरवून बाजूला ठेवतात. याच नियमात मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण सांगितलंय, कारण ओढणी किंवा पदर चाकात अडकला की माणूस खाली ओढला जातो. गार्ड ठेवून बसेल असाच स्टे मागा.

हत्यारं, पंक्चर किट, पाण्याच्या बाटल्या दोन्ही बाजूंना सारख्या वाटा. वरच्या रॅकवर रेनकोट आणि उबदार कपडे बांधा. मागच्या टायरची हवा मॅन्युअलमध्ये पिलियनसाठी दिली आहे तेवढी भरा, आणि पहिल्या मुक्कामी रॅकचे सगळे बोल्ट पान्याने पुन्हा आवळा.