बागेला पाणी घालायचे आहे, ओटीपी कशाला?

उजनीचे पाणी ज्या सोलापुरात काही दिवसांआड नळाला येते आणि उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर ठाण मांडून बसतो, तिथे बागेचे तुषार सिंचन मोबाईलवरून चालवण्याची सोय विकणाऱ्यांना टाकीत पाणी आहे की नाही, हा साधा प्रश्न पडतच नाही का? पुण्यात बसून बटण दाबावे, पडद्यावर ‘सिंचन सुरू’ अशी हिरवी अक्षरे उमटावीत, आणि इकडे जुळे सोलापुरातील अंगणात बोअरच्या क्षारांनी बुजलेल्या तोटीतून एक थेंबही बाहेर पडू नये! व्हॉल्व्ह उघडण्याची आज्ञा गेली, एवढेच त्या ॲपला ठाऊक असते. मोगऱ्यापर्यंत पाणी पोहोचले की नाही, याच्याशी त्याला काय देणेघेणे? वीज गेली की राऊटर गेला, राऊटर गेला की ‘उपकरण ऑफलाइन’, आणि वीज परत आली तरी हे महाशय वायफायच्या पट्ट्यांपैकी केवळ 2.4 गिगाहर्ट्‌झच्याच पट्ट्याला ओळख देणार. मध्येच अपडेट, मग नवा पासवर्ड, मग ओटीपी. त्यातही कहर म्हणजे पावसाचा अंदाज: आभाळ नुसते भरून आले की हे शहाणे यंत्र त्या दिवशीची पाळी परस्पर रद्द करते, ढग तुळजापूरच्या दिशेने निघून जातात आणि कुंड्यांतील माती भेगाळते. अखेर शेजारच्या काकूंनाच फोन करावा लागतो, आणि त्या ‘काय हो, आज पण रुसलं का तुमचं ॲप?’ असे विचारत नळी हातात घेतात. तेवढ्यात मोबाईलवर संदेश येतो की आजच्या पाणीबचतीबद्दल आपले अभिनंदन, कृपया आम्हाला पाच तारे द्यावेत.