त्याला आधी ऐकलेला माणूस

रिचर्ड थॉम्पसनला ऐकणं अजिबात अवघड नाही. तिकीट काढायचं, जाऊन बसायचं. काळी बेरे टोपी घातलेले, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ येतात, एकटेच गिटार घेऊन उभे राहतात, गातात, मधेच चेहरा न हलवता एखादा कोरडा विनोद करतात आणि जातात. खरी परीक्षा असते ती त्यांना आधी ऐकलेल्या माणसाला ऐकण्याची.

असा एक माणूस माझ्या ऑफिसात आहे. ऑफिस स्टीव्हनेजला, म्हणजे लंडनच्या उत्तरेला. इथे मी त्यांना 'साहेब' म्हणणार आहे. हुद्द्याने ते माझे साहेब नाहीत, पण थॉम्पसनचा विषय निघाला की त्यांची खुर्ची आपोआप दोन इंच वर जाते. एकदा माझ्या हेडफोनमधून गिटार जरा बाहेर झिरपली आणि साहेब शेजारच्या टेबलावरून वाकले.

"प्रत्यक्ष ऐकलंयस?"

"नाही अजून."

"अरेरे," ते म्हणाले. घरात कोणी गेल्यासारखे. त्या दिवसापासून माझी जेवणाची सुट्टी संपली.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. थॉम्पसन १९४९ सालचा, लंडनच्या नॉटिंग हिलचा. वडील स्कॉटलंड यार्डात पोलीस. १९६७ साली, जेमतेम अठराव्या वर्षी, तो मित्रांबरोबर 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' नावाच्या बँडमध्ये उभा राहिला. हे भारदस्त नाव मुळात एका घराच्या पाटीवरचं. मझवेल हिलमधल्या 'फेअरपोर्ट' नावाच्या त्या घरात पोरं तालमीला जमायची. १९६९ साली याच मंडळींनी इंग्लंडची जुनी लोकगीतं, खून, जादूटोणा, पळवून नेलेल्या बायका वगैरे मालमसाला असलेली, विजेच्या गिटारवर आणि ड्रमच्या ठेक्यावर बसवली, आणि इंग्लिश फोक-रॉक म्हणून जे काही आहे ते तिथून धरतात. त्याच वर्षी त्यांच्या गाडीला मोटरवेवर भीषण अपघात झाला होता, त्यात त्यांचा ड्रमर गेला. एवढं सोसून काही महिन्यांत त्यांनी हे काम केलं. १९७१ साली थॉम्पसन बँडमधून बाहेर पडला. पुढे दहाएक वर्षं बायको लिंडाबरोबर आणि मग स्वतःच्या नावावर.

आणि या सगळ्या काळात त्याचं गाणं असं घराघरात कधी वाजलं नाही. माझ्या मते साहेबांच्या दुखण्याचं मूळ इथे आहे. गायक प्रचंड गाजला तर त्याच्या आठवणी सगळ्या गावाच्या होतात. पण जो वर्षानुवर्षं नगरपालिकेच्या सभागृहांत आणि छोट्या क्लबांत वाजवत राहिला, त्याच्या प्रत्येक चाहत्याला वाटतं की या माणसाला आपण वैयक्तिकरीत्या सांभाळलं.

मला ही जात नवीन नव्हती. माझा मामा 'सवाई'ला जातो. सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ साली सुरू केला आणि मामाच्या बोलण्यावरून वाटतं की सतरंज्या यानेच घातल्या. रमणबागेत कसं रात्रभर चालायचं, पहाटे थंडीत भैरवी कशी लागायची, आणि आता दहाच्या ठोक्याला माइक बंद, जागासुद्धा मुकुंदनगरला, असली गाण्यात काय राम! कोणी तरुण गायक सुरेख गायला तरी मामा थर्मासचं झाकण लावत म्हणतो, "छान. पण याच्या गुरूला ऐकायला हवं होतंस." गुरूला ऐकलं असतं तर गुरूच्या गुरूची वर्णी लागली असती. मी पुण्याहून निघालो तेव्हा या छळातून तरी सुटलो असं वाटलं होतं. पाच हजार मैलांवर तोच मामा मला भेटला. फक्त उपरण्याच्या जागी वॉटरप्रूफ जॅकेट.

साहेबांची दुखरी आणि लाडकी जागा म्हणजे १९८२. त्या वर्षी रिचर्ड आणि लिंडाचा संसार मोडला होता, पण नवी रेकॉर्ड आलेली आणि अमेरिकेचा दौरा ठरलेला. तेव्हा दोघं रोज रात्री एकाच स्टेजवर उभं राहून, मोडलेल्या संसाराला तंतोतंत लागू पडतील अशी गाणी एकमेकांच्या शेजारी गात होते. लिंडाने चालू गाण्यात त्याच्या नडगीवर लाथ घातल्याच्या गोष्टी आहेत. ज्यांनी ऐकलं ते सांगतात, तसं गाणं पुन्हा होणे नाही.

"तुम्ही कुठल्या शहरात ऐकलंत?" मी विचारलं.

साहेब जरा थांबले. दौरा अमेरिकेत होता आणि साहेब तेव्हा ल्यूटनला शाळेत. पण त्यांच्याकडे कॅसेट आहे. कोणीतरी प्रेक्षकांत बसून चोरून ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेटची कॉपी, तिची कॉपी. त्यांनी मला ती कौतुकाने ऐकवली. गिटार लांब कुठेतरी विहिरीत वाजत होती आणि अगदी माइकजवळ बसलेला एक अमेरिकन बियर मागवत होता. त्याचं बियर मागवणं साहेबांना समेसकट पाठ आहे.

दुसरी लाडकी जागा म्हणजे मोटरसायकल. थॉम्पसनचं १९९१ सालचं एक गाणं आहे, '१९५२ व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग'. त्यात जेम्स नावाचा एक दरोडेखोर पोरगा, लाल केसांची मॉली आणि ही मोटरसायकल. शेवटी पोरगा मरतो आणि गाडी मॉलीला देऊन जातो. गंमत म्हणजे व्हिन्सेंट कंपनीचा कारखाना स्टीव्हनेजलाच होता, त्यामुळे या विषयावर साहेब स्वतःला स्थानिक देवस्थानचे विश्वस्त समजतात. ब्लॅक लाइटनिंग जेमतेम तीसेक बनल्या. १९४८ साली रॉली फ्री नावाच्या अमेरिकन माणसाने एका व्हिन्सेंटवर, वाऱ्याचा अडथळा नको म्हणून अंगावर फक्त पोहण्याची चड्डी ठेवून, गाडीवर पालथं झोपून, ताशी १५० मैलांच्या वर वेग गाठला. ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, फोटोही आहे. पण सूप पिताना रोज ऐकली की त्या चड्डीचा कंटाळा येतो.

शेवटी मी ठरवलं की प्रत्यक्ष ऐकून हा "अरेरे" एकदाचा पुसून टाकावा. फेअरपोर्टवाल्यांचा ऑगस्टमध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या क्रॉप्रेडी गावी तीन दिवसांचा मेळा असतो. १९७९ साली बँड बंद करायचा म्हणून त्यांनी इथल्या एका शेतात निरोपाचा कार्यक्रम केला. पुढच्या वर्षी जुनी मंडळी परत जमली, आणि तो निरोप अजून चालू आहे. काही शेकडा वस्तीचं गाव, कालवा, त्यात लांबट होड्या; आणि मेळा अगदी भरात असायचा तेव्हा २०,००० माणसं. स्टेज एकच. शेवटच्या रात्री थॉम्पसनने पोरवयात लिहिलेलं 'मीट ऑन द लेज' सगळं शेत उभं राहून गातं. त्या वर्षी शुक्रवारी संध्याकाळी खुद्द थॉम्पसन होता. साहेब म्हणाले, "मी जागा धरतो." बायको म्हणाली, "अरे, हा सतरंजीवाला मामाच आहे!"

जागा धरणं हे तिथे शास्त्र आहे. शेत स्टेजकडे उतरतं, म्हणून मागून छान दिसतं असं म्हणतात. ज्याने म्हटलं त्याच्यापुढे सहा फुटी माणूस झेंडा लावलेला बांबू रोवून बसला नसावा. साहेबांनी सकाळीच घड्या घालायच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पावसाने दुपारी हजेरी लावली, मग गेला, मग आपण काहीतरी विसरलो असं वाटून परत आला. माझ्या खुर्चीचे मागचे दोन पाय हळूहळू इंग्लंडच्या भूमीत उतरले आणि मी आकाशाकडे तोंड करून बसलो. छत्री उघडली की मागचे ओरडत. आमच्या पुढे पिवळा रेनकोट घातलेल्या एक आजी होत्या. त्यांनी पावसाची दखलसुद्धा घेतली नाही.

तेवढ्यात तो आला. टोपी, गिटार, बस्स. आणि वाजवायला लागला.

त्याचा उजवा हात मला मोठ्या पडद्यावर जवळून दिसला. प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, अंगठा आणि तर्जनीत धरलेलं, त्याने तो खालचे खर्जाचे स्वर धरून ठेवतो, आणि उरलेली बोटं त्याच वेळी वरच्या तारांवर वेगळीच सुरावट विणत असतात. खालचा स्वर सतत गुणगुणत राहतो, स्कॉटिश पाइपवाल्यांच्या बॅगपाइपसारखा. मोटरसायकलचं गाणं सुरू झालं तेव्हा मी खरोखरच दुसरा वादक कुठे आहे म्हणून स्टेजचा कोपरा न् कोपरा शोधला.

"जरा जलद घेतलंय," साहेब कानात म्हणाले. "पूर्वी घ्यायचा ते बरोबर होतं."

मी मान हलवली.

"हा तुकडा मागच्या वेळी वेगळा होता."

पुढच्या गाण्याच्या आधी थॉम्पसन काहीतरी बोलला आणि शेत हसलं. मला तो विनोद कळला नाही, कारण साहेब मला तो आधी कुठल्या गावी आणि कसा जास्त चांगला सांगितला होता ते सांगत होते. मग १९९९ साल निघालं. एका अमेरिकन मासिकाने सहस्रकातली सर्वोत्तम गाणी कळवा म्हणून कलाकारांना विचारलं होतं. बाकीचे फार तर आपल्या लहानपणापर्यंत मागे जाणार. थॉम्पसनने सहस्रक म्हणजे सहस्रक धरलं आणि यादी अकराव्या शतकापासून सुरू केली. मासिकाने ती छापली नाही, तेव्हा त्याने तिचा कार्यक्रमच केला, मध्ययुगापासून थेट ब्रिटनी स्पीअर्सपर्यंत. फार मोठी गोष्ट आहे. पण साहेबांनी ती सांगितली तेव्हा समोर तो एक संथ, काळीज चिरणारं गाणं गात होता, आणि माझ्या एका कानात ते होतं, दुसऱ्यात ब्रिटनी स्पीअर्स. पिवळ्या रेनकोटातल्या आजींनी मागे वळून पाहिलं. साहेबांना वाटलं, त्यांनाही ऐकायचं आहे. त्यांनी आवाज थोडा वाढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली मंडळी न्याहारी विकतात तिथे आम्ही रांगेत उभे होतो. रांगेत सगळीकडे कालचीच चर्चा. आमच्या पुढे त्याच आजी. रेनकोट आता हातावर. साहेबांना हॅटमुळे त्यांनी ओळखलं नसावं, किंवा अंधारात चेहरा दिसला नसावा. साहेबांनी विचारलं, "काल कसं वाटलं?"

"मी त्याला फेअरपोर्टमध्ये असल्यापासून ऐकते आहे," आजी म्हणाल्या. "काल तो फार सुंदर वाजला. पण माझ्या मागे एक माणूस बसला होता, तो क्षणभर तोंड मिटेल तर शपथ."

साहेबांची मान हळहळून डावी-उजवीकडे हलली.

"हल्लीचे श्रोते!" ते म्हणाले. "माझ्याकडे ब्याऐंशी सालची एक कॅसेट आहे. ऐका तुम्ही, काय शांतता आहे!"