पहिली बाजू चढून आहे

यंदा भारी (उशिरा निघणारं) धान बांधीत उभं टाकून मी चार दिवस मुंबईला जाझ, म्हणजे ते अमेरिकेतलं संगीत, ऐकायला गेलो, ही बातमी आमच्या गावच्या पानठेल्यावर अजून शिळी झाली नाही. "लग्न नाइ, तेरवी नाइ, दवाखाना नाइ. गानं आयकाले गेल्ता म्हन्ते!" इथपर्यंत मला काही वाटलं नाही. पण नात्यातल्याच एका शिकलेल्या माणसाने चारचौघांत ऐकवलं की हे शहरातल्या पैसेवाल्यांचे चोचले, आपल्या मातीतलं नाही हे. तेव्हाच ठरवलं होतं की चुरणं (मळणी) आटोपलं की सविस्तर लिहायचं. आता धान घरात आलं आहे.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, पाच एकर धानाचा माणूस. माझ्याकडे दीडशेच्या आसपास रेकॉर्ड आहेत, त्यातल्या साठेक जाझच्या. नागपूरला कॉलेजात असताना एका भंगारवाल्याकडून हिंदी सिनेमाच्या तव्यांचा गठ्ठा उचलला होता. त्यात लुई आर्मस्ट्राँगची एक बिनकव्हरची रेकॉर्ड निघाली. ट्रम्पेट वाजवून झाल्यावर तो माणूस त्याच्या घोगऱ्या आवाजात गायला लागला, तेव्हा मला आमच्या दंडारीतला, म्हणजे गावच्या लोकनाट्यातला, रात्री तीन वाजताचा बसलेला आवाज आठवला. तेव्हापासून हे खूळ.

आमच्याकडे रेकॉर्ड सांभाळणं म्हणजे म्हातारं माणूस सांभाळण्यासारखं. पावसाळ्यात कव्हरला बुरशी येते, उंदीर पुठ्ठ्याच्या कडा कुरतडतात. आडव्या रचल्या तर वाकतात, म्हणून शिसमाच्या जुन्या पेटीत उभ्या ठेवतो. आंब्याच्या मोसमाआधी एक दिवस धुलाई असते. बादलीत दोन थेंब भांड्याचा साबण, मऊ धोतराचा तुकडा, तोही खाचेच्या दिशेनेच फिरवायचा आणि मधलं कागदी लेबल भिजू द्यायचं नाही. मग सावलीत, भिंतीला टेकून. आई एकदा म्हणाली, "इतकं तर तू माह्या पायाले तेल नाइ लावलं." बरोबरच होतं. त्या रात्री लावलं.

आता काकांची गोष्ट. काका म्हणजे आमच्या भजनी मंडळाचे पेटीवाले, सत्तरी ओलांडलेले. शाळा चौथीपर्यंत, कान मात्र भयंकर. पहिल्यांदा मी सॅक्सोफोन लावला तेव्हा ओट्यावरून त्यांनीच विचारलं होतं, "हेला वरडून राह्यला का जी तुमच्या घरी?" हेला म्हणजे रेडा. पुढे हळूहळू येऊन बसायला लागले. एका संध्याकाळी मी ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' लावली. १९५९ची ध्वनिमुद्रणं, माझ्याकडची प्रत जुनी. सुरुवातीलाच तो तारांचा मोठा उभा बास एक वाक्य बोलतो आणि बाकीचे दोन ठोक्यांत उत्तर देतात. काका म्हणाले, "हे तं भजनच होय. एक म्हन्ते, बाकीचे झेलते."

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊनच आले. भाता हलवला, सूर शोधला आणि कपाळाला आठ्या. पांढरी दोन लावली, रेकॉर्ड वर. काळी दोन लावली, रेकॉर्ड खाली. "दोहीच्या मंधात लटकून आहे. तुही मशीन जोरात पळून राह्यली." मी पट्टा तपासला, वेग तपासला, सगळं ठीक. मग रेकॉर्ड उलटली. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं पांढरी पाचला असं चपखल बसलं की काका मांडीवर सहा मात्रांचा ठेका धरून वाजवायलाच लागले. मशीन तीच, सुई तीच. जोरात पळत असती तर दोन्ही बाजू चढल्या असत्या. काका म्हणाले, "मंग पहिली बाजूच चढून आहे."

मी त्यांना हसलो होतो. जगभर डोक्यावर घेतलेली रेकॉर्ड, आणि आमचे काका तिच्यात खोट काढणार! नंतर वाचलं तेव्हा कानाची पाळी लाल झाली. २ मार्च १९५९ला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत टेपचं मुख्य मशीन किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे त्या दिवशीची तिन्ही गाणी नेहमीच्या वेगाने वाजवताना जवळजवळ पाव स्वराने चढतात. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती सुरात. ही चूक १९९२ साली, दुसऱ्या मशीनवरच्या टेपवरून दुरुस्त झाली. म्हणजे तेहतीस वर्षं लोक चढा सूर ऐकत राहिले, आणि आमच्या ओट्यावर तो दहा मिनिटांत पकडला गेला. आता सांगा, जाझ ऐकायला शहरातलं असावं लागतं?

आणि मातीचं म्हणाल तर तेही ऐका. विनाइल यायच्या आधीचे तवे लाखेचे असत. लाख, दगडाची पूड, काजळी. जाझची पहिली रेकॉर्ड १९१७ साली अमेरिकेत निघाली ती असल्याच तव्यावर, आणि जगाची बहुतेक लाख त्या काळी भारतातून जायची. दुसऱ्या महायुद्धात ती वाट अडली, तर अमेरिकेत रेकॉर्ड काढायचे वांधे झाले. आमचा आजा पळसाच्या लाख धरलेल्या काड्या खरडून बाजारात विकायचा. त्याची लाख कुठे गेली हे कोणी सांगू शकत नाही. बांगड्यांत गेली असेल, सरकारी पाकिटावर गेली असेल. पण पळसाच्या झाडाखाली वाढलेल्या माणसाला 'हे आपलं नाही' म्हणण्याआधी थोडं थांबायला हवं. माझ्याकडे असे अकरा तवे आहेत. बारावा कुरिअरने मागवला होता, तो चार तुकड्यांत आला. खोकं हलवलं तेव्हाच आवाजावरून कळलं. तुकडे फेकले नाहीत, काय करायचं तेही कळत नाही.

तरी माझं मत विचाराल तर नुसत्या रेकॉर्डवर जाझ अर्धंच कळतं. भिंतीला फ्रेम करून टांगणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही. नोव्हेंबरात मुंबईच्या एनसीपीए सभागृहात गेलो, अर्जुनीहून गोंदिया, तिथून विदर्भ एक्स्प्रेस. तिसऱ्या रांगेत जागा मिळाली. पियानोवाल्याचं एक बोट चुकलं. अगदी ठळक चुकलं. त्याने ड्रमवाल्याकडे पाहिलं, आणि पुढच्या फेरीत तीच चूक मुद्दाम केली. तिसऱ्यांदा केली तेव्हा ड्रमवाल्याने बरोबर तिथेच काठी मारली, आणि त्या चुकीचीच सुरेख जागा झाली! सभागृह हसलं. शेजारच्या बाई फोनवर ते सगळं काढत होत्या. त्यांनी स्क्रीनमध्ये पाहिलं, मी त्या दोघांची नजर पाहिली.

ही नजर मला ओळखीची होती. भाऊबीजेनंतर आमच्याकडे मंडया (जत्रा) भरतात, रात्री दंडार नाहीतर खडी गंमत, म्हणजे शाहिरांचा तमाशासारखा खेळ. शाहीर ओळ विसरला की ढोलकीवाल्याकडे पाहतो, तो दोन आवर्तनं भरून काढतो, तोवर शाहीर गावच्या सरपंचावर नवीन ओळ जुळवून मोकळा. पब्लिकला वाटतं, ठरलेलंच होतं. सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स १९७८च्या पहिल्या 'जाझ यात्रा' महोत्सवात मुंबईला वाजवून गेला, त्याआधी पवईच्या आश्रमात राहूनही गेला होता. त्याला कोणी आमच्या मंडईला आणलं असतं तर पहाटेपर्यंत हलला नसता, असं मला उगाच वाटतं.

खरी खंत इथेच आहे. माइल्सच्या एका दिवसाच्या चढ्या सुराची तारखेसकट नोंद आहे, त्यावर तज्ज्ञ भांडतात. आमच्या ढोलकीवाल्यांची काय नोंद? लहानपणी मी ज्याला ऐकून वेडा झालो, तो माणूस गेला आणि त्याच्या हाताचा दहा मिनिटांचा तुकडाही कोणाकडे नाही. आता मंडळींनी ऑक्टोपॅड घेतला आहे. मी त्यांना दोष देत नाही, ढोलकीची पुडी आणि वाजवणारा हात, दोन्ही महाग झालं आहे. पण साठ जाझ रेकॉर्ड जमवणाऱ्या मला हे आधी सुचायला हवं होतं, आणि सुचलं नाही. या वर्षी एक बरा रेकॉर्डर घेतला आहे. धानाचे पैसे आले त्यातून. बायकोला किंमत निम्मीच सांगितली आहे, इथे वाचून कळेल.

पहिलं रेकॉर्डिंग काकांचंच करायचं ठरलं. परवा संध्याकाळी पेटी घेऊन आले, माइक पाहिला, घसा खाकरला आणि म्हणाले, "आधी थो निग्रो लाव, हात गरम होते." मी म्हटलं, काका, आता तसं म्हणत नाहीत, त्याचं नाव माइल्स. "बरं, माइल्स लाव." मी रेकॉर्ड काढून सुई ठेवायला गेलो तर हात धरला.

"दुसरीकडून लाव. पहिली चढून आहे."